तान्ह्या बाळाचा श्वास जपूया



पाऊस लागला की, आणि पुन्हा दिवाळीनंतर थंडी पडली की, गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पोराला जरा सर्दी झालीय, बाकी काही नाही." पाच-सहा वर्षांच्या पोराबद्दल हे बऱ्याचदा खरं असतं. नाक गळतं, दोन दिवस कुरकुर करतं, मग पुन्हा अंगणात उड्या मारायला लागतं. पण बाळ तान्हं असेल, महिन्या-दोन महिन्यांचं असेल, तर "बाकी काही नाही" असं म्हणून चालत नाही. न्यूमोनियामुळे जगात दरवर्षी पाच वर्षांखालची ७ लाखांहून जास्त मुलं दगावतात. त्यांतली कितीतरी पहिल्या काही महिन्यांतली असतात, आणि बऱ्याच जणांची सुरुवात साध्या सर्दी-खोकल्यानेच झालेली असते.

मी डॉक्टर नाही. आशाताईंबरोबर घरोघर फिरताना, आरोग्य केंद्रातल्या प्रशिक्षणांत बसून आणि तुमच्या बैठकांत आलेले प्रश्न विचारून-विचारून जे समजलं, ते इथे सोप्या शब्दांत लिहिते आहे. "लग्न न झालेली पोरगी आम्हाला बाळंतपणाचं काय सांगते?" असं काही आज्ज्या हसून म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे! म्हणून हा लेख आज्ज्यांनाही वाचून दाखवा. बाळाच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द बहुतेक वेळा त्यांचाच असतो.

साधी सर्दी बाळाला भारी का पडते?

सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूमुळे होतो. फ्लू, कोरोना आणि आरएसव्ही हे त्यांतले काही. आरएसव्हीचं नाव आपण फारसं ऐकलेलं नसतं, पण दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी होऊन जातो. मोठ्या माणसाला तो झाला तर नुसती सर्दी वाटते. तान्ह्या बाळाच्या छातीत मात्र तो खोलवर उतरू शकतो.

याची कारणं अशी:

- बाळाच्या श्वासाच्या नळ्या अगदी बारीक असतात. आपल्या नळीला थोडी सूज आली तर आपल्याला कळतही नाही. तेवढीच सूज बाळाच्या नळीत आली की हवेची वाटच अरुंद होते.
- पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही. दूध पोटात गेलं नाही की अंगातली ताकद जाते.
- जोरात खोकून कफ बाहेर टाकायची शक्ती त्याच्यात नसते.
- आजाराशी लढायची ताकद अजून तयार होत असते. तोवर त्याची भिस्त आईकडून पोटात असताना मिळालेल्या आणि आता दुधातून मिळणाऱ्या संरक्षणावर असते.

दिवस भरायच्या आधी, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ, अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ आणि जन्मतः हृदयाचा त्रास असलेलं बाळ यांना धोका जास्त. अशा बाळाला कधी-कधी खोकलाही येत नाही. मध्येच श्वास थांबतो किंवा ते दूध ओढणं बंद करतं. म्हणून "खोकला नाही म्हणजे छातीत काही नाही" हे गणित तान्ह्या बाळाला लागू होत नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. असा आजार पहिल्याच दिवशी जोरात नसतो. दोन-तीन दिवस नुसतं नाक वाहतं आणि त्रास तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास वाढतो. त्यामुळे "काल तर बरं होतं" म्हणून निर्धास्त होऊ नका.

हा विषाणू घरात आणतं कोण?

बाळ काही बाजाराला जात नाही. विषाणू त्याच्याकडे चालत येतो आणि आणणारी आपलीच माणसं असतात.

सगळ्यांत जास्त वेळा तो घरातल्या मोठ्या भावंडाबरोबर येतो. अंगणवाडीत, शाळेत पोरं एकमेकांना चिकटून बसतात, नाक पुसलेला हात सगळीकडे लागतो. घरी आल्यावर ताई किंवा दादा पहिलं काय करतात? दप्तर टाकून बाळाचा पापा घेतात. प्रेमच आहे ते. त्यांना रागावायचं नाही, सवय लावायची. "आधी हात-पाय-तोंड धुवायचं, कपडे बदलायचे, मग बाळाजवळ." आणि पापा घ्यायचा असेल तर पायाचा घ्यायचा. तोंडाचा नाही, हाताचाही नाही, कारण बाळ हात तोंडात घालतं.

दुसरा रस्ता म्हणजे शिंक आणि खोकला. तिसरा म्हणजे हात. शिंकताना हात तोंडापुढे धरला, त्याच हाताने बाळाला घेतलं की झालं. आरएसव्ही तर कडक वस्तूंवर, म्हणजे खाटेच्या कडेवर, खुळखुळ्यावर, मोबाईलवर काही तास टिकतो. मोबाईल आपण दिवसभर हाताळतो आणि तोच बाळासमोर धरून गाणं लावतो. तो पुसायचं मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

यावर उपाय साधा आहे. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवायचे. नुसतं पाणी ओतायचं नाही. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा, सगळं निदान २० सेकंद चोळायचं. राखेपेक्षा आणि मातीपेक्षा साबणच बरा. बाळाच्या खोलीच्या दाराशी एक बादली, तांब्या आणि साबण ठेवा. साबण समोर दिसला की हात आपोआप धुतले जातात.

बाळ-बाळंतीण बघायला येणारी माणसं

हा विषय जरा नाजूक आहे, पण बोलायलाच हवा.

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीने खोलीबाहेर पडायचं नाही, अशी रीत आहे. बाळाच्या दृष्टीने या रीतीत शहाणपण आहे. पहिल्या काही आठवड्यांत बाळ जितक्या कमी माणसांत, तितकं बरं. पण होतं काय, बाळंतीण बाहेर जात नाही आणि सगळं गाव मात्र तिच्या खोलीत येतं. पाचवीला पाहुणे, बारशाला पाहुणे, मधल्या दिवसांत शेजारपाजार. बंद खिडकीच्या खोलीत दहा बाया दाटीवाटीने बसतात आणि बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत राहतं.

पाचवी करू नका, बारसं करू नका, असं मी म्हणत नाही. एवढंच करा:

- ज्याला सर्दी, खोकला, ताप आहे त्याने बाळाजवळ जायचं नाही. मग तो सख्खा मामा का असेना.
- पहिले दोन महिने बाळाला बघायचं, हातात घ्यायचं नाही. आशीर्वाद दुरूनही लागतो.
- बारसं घरातल्या माणसांत करा. मोठा कार्यक्रम करायचाच असेल तर बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर करा, आणि तोही अंगणात, मोकळ्या हवेत.
- खोलीची एक खिडकी उघडी ठेवा. वाऱ्याचा झोत बाळाच्या अंगावर नको, पण कोंडलेली हवाही नको.
- बाळाला घेऊन आठवडी बाजार, लग्न, जत्रा आणि गच्च भरलेली वडाप गाडी टाळा. लसीकरण आणि दवाखाना मात्र टाळायचा नाही.

"पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? सासूबाईंना वाईट वाटेल," हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. यावर एका गटातल्या ताईंनी छान तोड काढली आहे. नाव डॉक्टरांचं घ्यायचं. "डॉक्टरांनी दोन महिने कुणाच्या हातात द्यायचं नाही सांगितलंय हो." यात कुणाचा अपमान नाही आणि सुनेवर आळही येत नाही. हे वाक्य सासूबाईंनीच पाहुण्यांना सांगितलं तर फारच उत्तम. सून बोलली तर उद्धटपणा वाटतो, सासू बोलली तर तिला काळजी म्हणतात!

आईचं दूध ही बाळाची पहिली लस

जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला छातीशी धरा. पहिलं पिवळसर घट्ट दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकू नका. आजाराशी लढणारे घटक त्यातच जास्त असतात. सहा महिने फक्त आईचं दूध द्यायचं. वरचं पाणी नाही, गुळाचं पाणी नाही, मध नाही, घुटी नाही. मधाने एक वर्षाखालच्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

"मलाच सर्दी-ताप आलाय, आता पाजू का नको?" हा दुसरा मोठा प्रश्न. पाजायचं. साध्या सर्दी-तापाचे, फ्लूचे, कोरोनाचे विषाणू दुधातून बाळाला बाधत नाहीत. उलट आईच्या अंगात त्या आजाराविरुद्ध जे संरक्षण तयार होतं, ते दुधातून बाळाला मिळतं. फक्त पाजण्याआधी हात धुवा, नाका-तोंडाला मास्क किंवा स्वच्छ रुमाल बांधा आणि शिंक आली तर तोंड बाजूला वळवा. बाळाला मास्क कधीही बांधू नका, त्याचा श्वास अडतो.

वजनाने कमी असलेल्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवायचं, वरून पांघरायचं. यालाच कांगारू पद्धत म्हणतात. बाळ उबेत राहतं, वजन वाढतं आणि संसर्गही कमी होतात. बाप, आज्जी, मावशी यांनाही हे करता येतं. जन्मल्यावर पहिले २४ तास बाळाला आंघोळ घालू नका. टोपी, पायमोजे, कोरडे कपडे पुरेत. घाम येईपर्यंत गुंडाळूही नका.

चूल, धुरी आणि नाकात तेल

धुराने बाळाच्या श्वासाच्या नळीचं आतलं अस्तर दुखावतं आणि विषाणूला आत शिरायला वाट मोकळी होते. हा धूर किती ठिकाणांहून येतो ते मोजा. चूल, शेगडी, विडी, डासांची कॉईल, अगरबत्ती, आणि बाळंतिणीच्या बाजेखालची ओव्या-शेपाची धुरी.

धुरी देणं ही आपली जुनी रीत आहे. शेकायचंच असेल तर बाळंतिणीला शेका, आणि तेही बाळ दुसऱ्या खोलीत असताना. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवून झोपू नका. त्या धुरात न दिसणारा, न वास येणारा विषारी वायू असतो, त्याने आई आणि बाळ दोघांचा जीव जाऊ शकतो. गॅस असेल तर निदान बाळ लहान असेपर्यंत स्वयंपाक गॅसवर करा. सिलेंडर भरायला पैसे नसतात, हे मला माहीत आहे. मग चूल बाहेर पडवीत मांडा आणि स्वयंपाक करताना बाळाला कडेवर घेऊ नका. विडी ओढणाऱ्याने अंगणात ओढायची, मग हात-तोंड धुऊन, अंगातला सदरा बदलून आत यायचं.

बाळाला मालिश करायला हरकत नाही, हलक्या हाताने करा. पण नाकात आणि कानात तेल सोडू नका. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरतं आणि तिथे सूज येते. कापूर, बाम, निलगिरीचं तेल बाळाच्या छातीला किंवा नाकाला लावू नका. कापराने लहान बाळाला झटकेही येऊ शकतात. बिब्बा लावणं आणि डागणं तर मुळीच नको. त्याने छातीतला आजार बरा होत नाही. जखम होते, जंतू शिरतात आणि दवाखान्यात जायचे मोलाचे दोन दिवस वाया जातात.

लसी: कुठली वाट बंद होते?

सगळ्या सर्दी-खोकल्यांवर लस नाही. पण विषाणूने छाती दुबळी केली की मागून जिवाणू येतो आणि न्यूमोनिया करतो. त्यातल्या मोठ्या वाटा लसीने बंद करता येतात. सरकारी लसीकरणात या लसी मोफत आहेत:

- दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने: पेंटाव्हॅलेंट. यात डांग्या खोकला, घटसर्प आणि हिब या जिवाणूपासून संरक्षण आहे.
- दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने: न्यूमोकोकल लस, जिला पीसीव्ही म्हणतात. २०२१ पासून ती सगळ्या देशात मिळते.
- नऊ महिने आणि पुन्हा दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान: गोवर-रुबेला. गोवरानंतर होणारा न्यूमोनिया फार वाईट असतो.

"बाळाला थोडी सर्दी आहे, मग डोस पुढे ढकलू का?" साध्या सर्दीत लस देता येते. नर्सताईंना दाखवा, त्या ठरवतील. स्वतःच्या मनाने ढकलू नका.

फ्लूची लस सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देता येत नाही. पण गरोदरपणात आईने ती घेतली तर तिचं संरक्षण नाळेतून बाळाला मिळतं. गरोदर असाल तर तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना हे नक्की विचारा. आरएसव्हीवरही आता गरोदर आईला द्यायची लस आणि बाळाला द्यायचं इंजेक्शन निघालं आहे. काही देशांत ती सर्रास देतात, आपल्या सरकारी लसीकरणात मात्र नाहीत. तोवर हात, दूध, मोकळी हवा आणि वेळेवर दवाखाना हीच आपली लस.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या ताईंनी माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर ठेवायचंच. लस कुठल्याही गावच्या सरकारी केंद्रात घेता येते. कोपीवर पोचल्यावर तिथल्या आशाताईंना पहिल्या आठवड्यात भेटा. थंडीचे दिवस, पालापाचोळ्याची कोपी आणि तान्हं बाळ, हे अवघड गणित आहे. म्हणूनच तिथली ओळख आधी करून ठेवा.

सर्दी झालीच, तर घरी काय करायचं?

बाळ नीट पीत असेल, खेळत असेल, श्वास शांत असेल तर:

- दूध थोडं-थोडं पण जास्त वेळा पाजा.
- पाजण्याआधी नाक मोकळं करा. मेडिकलमध्ये सलाईनचे नाकात टाकायचे थेंब मिळतात, त्यांचा एक-दोन थेंब पुरे होतो. मग मऊ सुती कापडाच्या वातीने बाहेर आलेला शेंबूड टिपा. नाकात खोल काही घालू नका, तोंडाने ओढू नका.
- अंग उबदार ठेवा.
- दिवसातून तीन-चार वेळा आणि रात्री एकदा श्वास मोजा. कसा, ते खाली दिलं आहे.

खोकल्याचं पातळ औषध मेडिकलमधून आणून पाजू नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, विषारी भेसळ असलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून जास्त लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतल्या काहींवर आपल्या नागपुरात उपचार चालले होते. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही शक्यतो टाळावीत. शेजारणीच्या पोराचं उरलेलं अँटिबायोटिकही देऊ नका. विषाणूवर ते चालत नाही. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगून औषध दिलं, तर मात्र सांगितलेले सगळे दिवस द्या. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नका.

श्वास मोजायला शिका

ताईंनो, या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. न्यूमोनिया ओळखायला आधी यंत्र लागत नाही. डोळे लागतात आणि घड्याळ.

हे आपल्या महाराष्ट्रातच सिद्ध झालं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या साध्या, कमी शिकलेल्या बायकांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं उपकरण तयार केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. १९९९ साली हे जगासमोर आलं. आज आशाताई तुमच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, त्या कार्यक्रमाचं मूळ तिथे आहे. आपल्यासारख्याच बायकांनी ते करून दाखवलं आहे.

मोजायची पद्धत:

१. बाळ शांत किंवा झोपलेलं हवं. रडत असताना किंवा दूध पिताना मोजू नका.
२. झबलं वर करा. पोट आणि छाती नीट दिसली पाहिजे. उजेड हवा.
३. पोट वर आलं आणि खाली गेलं, की एक श्वास.
४. मोबाईलमधलं घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. तान्ह्या बाळाचा श्वास कधी भरभर, कधी सावकाश चालतो.
५. आकडा जास्त आला तर लगेच पुन्हा एकदा मोजा.

जोराचा श्वास म्हणजे किती?

- दोन महिन्यांपर्यंतचं बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त
- दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त
- एक ते पाच वर्षं: ४० किंवा जास्त

दुसरी खूण छातीची. बाळ श्वास आत घेतं तेव्हा बरगड्यांखाली खड्डा पडतो का, ते बघा. आपल्याकडे कुणी याला "पोट उडतंय" म्हणतं, कुणी "डबा झाला" म्हणतं, कुणी "धाप लागली" म्हणतं. नाव काहीही असो, त्याची जागा दवाखान्यात आहे. देव्हाऱ्यासमोर किंवा मांत्रिकाकडे नाही.

आता थांबायचं नाही: धोक्याची लक्षणं

यातलं एकही दिसलं तर लगेच निघा, सकाळची वाट बघू नका:

- दूध ओढत नाही, किंवा नेहमीच्या निम्म्याहून कमी पितं
- श्वास वरच्या आकड्यांपेक्षा जोरात चालतो
- बरगड्यांखाली खड्डा पडतो, नाकपुड्या फुलतात, कण्हल्यासारखा आवाज येतो
- मध्येच श्वास थांबतो
- ओठ, जीभ निळसर किंवा राखाडी पडते
- बाळ मलूल, ढिलं, उठवूनही उठत नाही
- झटके येतात, किंवा प्यायलेलं सगळं उलटून पडतं
- दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, म्हणजे काखेत ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त
- दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं अंग थंडगार, म्हणजे ९५.९ फॅरनहाइटपेक्षा कमी

शेवटचं विशेष लक्षात ठेवा. लहान बाळाला संसर्ग झाला की ताप येतोच असं नाही, अंग गारही पडतं. "ताप नाही ना, मग काय" असं म्हणू नका. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरी तापाचं औषध देऊन बघत बसू नका. तो ताप डॉक्टरांनीच बघायचा.

दवाखान्यात जायचं कसं, पैसे कुठून?

आशाताईंना फोन करा, आणि १०२ किंवा १०८ ला फोन करा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी हे सगळं जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. हा तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. एक महिन्याच्या आतल्या बाळासाठी जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा वेगळा कक्ष असतो, त्याला एसएनसीयू म्हणतात.

वाटेत बाळाला आईच्या छातीशी उबेत धरा आणि पीत असेल तर पाजत राहा. कार्ड बरोबर घ्या.

पण गाडी यायला उशीर झाला, रात्रीची वेळ आहे, नवरा बाहेरगावी आहे, हातात पैसे नाहीत, तर? खरी अडचण इथेच येते. रोज मजुरीवर घर चालतं, एक दिवस बुडला तर चूल कशी पेटायची, म्हणून "उद्या बघू" होतं. तान्ह्या बाळाचा उद्या कधी-कधी येत नाही. इथे एकटी आई कमी पडते. तिथे गट हवा.

गटाने काय करायचं?

दशसूत्रीत आरोग्य आहे, ते फक्त वहीत लिहायला नाही. पुढच्या बैठकीत हे पाच ठराव चर्चेला घ्या, पटले तर इतिवृत्तात लिहा आणि सह्या करा:

१. बाळंतिणीला दंड नाही. बाळंतपणानंतर तीन महिने बैठकीला गैरहजर राहिली तर तिला दंड लावायचा नाही. तिची बचत दुसऱ्या सदस्येने घरून आणायची, आणि तीही दारातून, बाळाजवळ न जाता.

२. रात्रीचं कर्ज. तान्हं बाळ आजारी असेल तर बैठकीची वाट न बघता अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांच्यापैकी दोघींनी मिळून लगेच रक्कम द्यायची. किती द्यायची ते आधीच ठरवा. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर त्यातून कसं मिळेल, तेही विचारून ठेवा.

३. गाडीची यादी. गावात रात्री निघू शकतील अशा दोन-तीन गाडीवाल्यांचे नंबर, आशाताई, १०२, १०८ हे सगळं एका कागदावर लिहून प्रत्येक गरोदर आणि बाळंत सदस्येच्या घरात भिंतीला लावायचं.

४. श्वास मोजायचा सराव. आशाताईंना बैठकीला बोलवा. प्रत्येकीने एकदा तरी मोजून बघायचं. सासवांनाही बोलवा.

५. गरोदर सदस्येची आठवण. सातव्या महिन्यापासून दोन सदस्यांनी तिची जबाबदारी घ्यायची. तपासणी झाली का, गोळ्या चालू आहेत का, दवाखान्याची बॅग भरली का, हे त्यांनी विचारायचं.

दरवर्षी १२ नोव्हेंबर हा जागतिक न्यूमोनिया दिवस असतो. त्या दिवसापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सरकारची 'सांस' मोहीम चालते. आपल्या ग्रामसंघाने त्या दिवशी उपकेंद्रात एक छोटी बैठक ठेवली, तर नर्सताईही आनंदाने येतील.

आपण कर्जाचा हप्ता एक दिवस चुकू देत नाही. गटाचं खातं कसं आहे, ते बँकवाल्यालाही तोंडपाठ असतं. तीच शिस्त बाळाच्या श्वासाला लावायची आहे. घरात तान्हं बाळ असेल तर आजच त्याचा शांत झोपेतला श्वास मोजा आणि आकडा कार्डाच्या मागे लिहून ठेवा. आजारात फरक पडला तर मग लगेच कळेल. आणि जमलेला आकडा पुढच्या बैठकीत शेजारच्या ताईंना सांगा, म्हणजे त्याही मोजतील.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक